पक्ष्यांसाठी लाकडी घर बांधलं, पण भाडेकरूच मिळत नाही

हौशी_करवत (धागाकर्ता)

मंडळी, थोडी लाज बाजूला ठेवून लिहितोय. दोन वर्षांपूर्वी मागच्या अंगणात पक्ष्यांसाठी एक लाकडी घर करून टांगलं. तिरकं लाल छप्पर, पांढऱ्या भिंती, भोकाखाली बसायला छोटी दांडी. समोर एक खोटी खिडकीसुद्धा रंगवली होती. आल्यागेल्यांनी कौतुक केलं. पक्ष्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. एकदा एक चिमणा दांडीवर बसला, आत डोकावला आणि भाडं ऐकल्यासारखा उडून गेला.

तपशील असा: कपाटातून उरलेलं 12 मिमीचं एमडीएफ, भोक 50 मिमी (हाताशी तेवढंच कटर होतं), समोरच्या फळीच्या बरोबर मध्यावर. आतबाहेर ऑइलपेंटचे दोन हात. फांदीला साखळीने टांगलंय. आता तळ फुगून भाकरीसारखा झालाय, म्हणजे तेही संपलंच.

नवीन करायचं आहे. सोपं हवं. माझ्याकडे हातकरवत, ड्रिल, गुण्या (काटकोन तपासायचा) आणि दोन रिकामे रविवार आहेत. काय चुकलं ते स्पष्ट सांगा.

निवांत

खिडकीला पडदे लावले नव्हते का? मग कोण राहणार.

पोकळ_खोड

हौशी, आल्यागेल्यांनी कौतुक केलं यात नवल नाही, घर त्यांच्यासाठीच होतं. :)

आता एकेक. दांडी आधी उपटा. ढोलीत राहणारा पक्षी उभ्या खोडाला नखं रोवून थेट भोकात शिरतो, त्याला पायरी लागत नाही. दांडीचा खरा फायदा कावळ्याला, मांजराला. पाय टेकवून निवांत आत चोच किंवा पंजा घालता येतो.

भोक. 50 मिमी म्हणजे साळुंकीलाही खुलं दार, आणि साळुंकी एकदा आली की चिमणीचं काही चालत नाही. चिमणीसाठी 32 मिमी, म्हणजे सव्वा इंच. टिट कुळातल्या छोट्या पक्ष्यांना 25 ते 28 पुरतं. परदेशातली ती ठिपकेवाली स्टार्लिंग 45 मिमी मागते. हे आकडे हौसेचे नाहीत. भोक जेवढं नेमकं तेवढे दांडगे बाहेर राहतात.

भोकाची जागा. तळ आणि भोकाची खालची कड यांत निदान 125 मिमी अंतर हवं. तुमचं भोक मध्यावर, म्हणजे पिल्लं जवळजवळ उंबऱ्यावरच बसणार. पंजा सहज पोचतो, आणि जरा मोठं झालेलं पिल्लू धक्काबुक्कीत बाहेर पडतं.

आतला रंग. एक तर वास, दुसरं म्हणजे गुळगुळीत भिंत. पिल्लाला भोकापर्यंत चढून यायचं असतं. समोरच्या फळीला आतून, भोकाखाली, करवतीने आडव्या चरा मारा. लाकूड खरखरीत राहू दे, रंधा मारूच नका.

आणि झुलतं घर नको. घट्ट बसवा.

शंकासुर_2

कुठलाही पक्षी येतो का यात? आमच्याकडे बुलबुल खूप आहेत, त्यांच्यासाठी करावं म्हणतो.

पोकळ_खोड

नाही येणार. बुलबुल झुडपात वाटीसारखं उघडं घरटं करतो. शिंपी पानं शिवतो, सूर्यपक्षी लोंबती पिशवी करतो, मुनिया गवताचा गोळा करते. यांना पेटी म्हणजे कोठडी. पेटीत तेच येतात जे एरवी ढोलीत, भिंतीच्या फटीत, वळचणीला राहतात: चिमणी, साळुंकी, दयाळ, काही घुबडं. तांबटही ढोलीतलाच, पण तो स्वतःची ढोली स्वतः कोरतो, मऊ वाळक्या फांदीत. त्याला आपलं सुतारकाम नको असतं.

बुलबुलासाठी झुडूप दाट वाढू द्या आणि विणीच्या दिवसांत कात्री लांब ठेवा. बस.

तिसरी_पटाशी

सुतारकामाचं मी बोलते. एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू आणि डिंक. पाणी लागलं की फुगणारच. पार्टिकल बोर्डही तसंच. प्लाय घ्यायचा तर बाहेर टिकणारा घ्या, साध्या प्लायचे थर सुटतात. पण सगळ्यात सोपी आपली साधी फळी. पाइन, देवदार, जुन्या दाराची सागाची फळी, काहीही. जाडी निदान 15 मिमी, 18 असेल तर उत्तम. पातळ भिंतीचं घर उन्हात भट्टी होतं.

एकाच फळीतून सगळं निघतं. फळी 150 मिमी रुंद, 18 जाड, 1.4 मीटर लांब:

मागची फळी 350. दोन्ही बाजू मिळून 450. समोरची 200. छप्पर 220. तळ 114.

बेरीज 1334 होते. करवत प्रत्येक कापाला दोनेक मिमी खाते, तेवढं सुटतं.

बाजूंची गंमत बघा. 450 चा तुकडा घ्या. एका कडेला 200 वर खूण, समोरच्या कडेला 250 वर. दोन खुणा जोडून एकच तिरका काप. हातात दोन सारख्या बाजू येतात, प्रत्येकीची एक कड 200, दुसरी 250. छपराचा उतार आपोआप मिळाला. पहिल्यांदा केलं तेव्हा मला उगाचच फार हुशार वाटलं होतं.

तळ 114 का? समोरची फळी 150 रुंद, दोन्ही बाजू तिच्या आत बसतात, 18 अधिक 18 गेले. तुमची फळी 15 ची असेल तर तळ 120. आंधळेपणाने माझे आकडे उचलू नका.

समोरची फळी 200 ची कापली तरी बसवताना 194 करा. छप्पर तिरकं आहे, पूर्ण उंचीची फळी बाहेरच्या कडेला 6 मिमी वर येऊन छपराला अडते. लोक तिथे रंधा मारून तिरकी कड काढत बसतात. मी सरळ आखूड करते. आतल्या अंगाला थोडी फट राहते, ती चालते.

हौशी_करवत

पटाशीताई, ही पोस्ट छापून कामाच्या टेबलावर चिकटवली आहे. म्हणजे भोकाचा मध्य खालून किती?

तिसरी_पटाशी

160. तळ खालच्या कडेशी सपाट बसवलात तर तळाची वरची बाजू 18 वर. 32 च्या भोकाची खालची कड 144 वर. मधे 126. पोकळ_खोड म्हणतात ते 125 जमलं.

मऊ_पिसं

तळ सपाट बसवू नका हो. भिंतींवरून ओघळलेलं पाणी तळाच्या कडेने आत चढतं. 5 मिमी वर सरकवून बसवा. तळाला चार कोपऱ्यांत 6 मिमीची भोकं पाडा. हे विसरलात तर बाकी सगळं व्यर्थ. माझी पहिली पेटी अशीच गेली. पावसात आत पाणी साचलं, घरटं ओलं आणि अंडी थंड. अजून आठवलं की कसंतरी होतं.

तिसरी_पटाशी

5 मिमी वर घेतलात तर 126 चे 121 होतील. एवढ्याने पक्षी मोजपट्टी काढणार नाही. घ्या वर.

शंकासुर_2

सामानाच्या पॅलेटचं लाकूड फुकट मिळतंय. चालेल?

पोकळ_खोड

शिक्का बघा. देशाबाहेर जाणाऱ्या पॅलेटवर प्रक्रियेची खूण असते. एचटी म्हणजे उष्णता दिलेलं, ते घ्या. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते परत ठेवा. शिक्काच नसेल, किंवा तेलकट डाग, रसायनाचा वास असेल तर चुलीतसुद्धा घालू नका. तसंच वाळवी लागू नये म्हणून हिरवट द्रावण मुरवलेल्या जुन्या फळ्या. पूर्वी त्या द्रावणात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक असायचं. पिल्लांच्या अंगाखाली ते नको.

निवांत

मी एक सवाल टाकतो आणि पळतो. हे सगळं करण्यापेक्षा अंगणातलं एखादं वाळकं झाड तसंच उभं राहू दिलं तर?

पोकळ_खोड

निवांत, पहिल्यांदाच कामाचं बोललात. अंगावर पडायचा धोका नसेल तर वाळकी फांदी जरूर ठेवा. पेटी ही ढोलीची नक्कल आहे, ढोलीपेक्षा सरस नाही. चिमणीचं मात्र थोडं वेगळं. ती माणसाच्या भिंतीला इतकी चिकटलेली की तिचं खरं नुकसान कौलं, वळचणी आणि भिंतीतल्या फटी बुजल्याने झालं. तिच्यासाठी पेटी म्हणजे हरवलेली फट परत देणं.

जाताजाता: ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधल्या चार्ल्स वॉटर्टन (1782-1865) या विक्षिप्त निसर्गप्रेमी जमीनदाराने 19व्या शतकात आपल्या आवारात पक्ष्यांना घरटी बांधून दिली. त्याआधी शिकारी आणि कोल्हे आत येऊ नयेत म्हणून आवाराभोवती तीनेक मैलांची भिंत घातली. आपल्याला मांजर आवरत नाही.

हौशी_करवत

(दोन आठवड्यांनी)

प्रगती आणि पराभव एकत्र सांगतो.

फळी आणली, कापली. तिरक्या कापाची युक्ती पहिल्या फटक्यात जमली, शेजाऱ्यांना बोलावून दाखवली. मग 32 चं होल सॉ (ड्रिलला लावायचं गोल करवतीचं पातं) आणलं. समोरची फळी 194 ला कापली, मध्य आखला, ड्रिल लावलं, आणि भोकाच्या वरची पट्टी ‘टक’ करून चिरली. मागच्या बाजूने चिरफळ्याही निघाल्या. फळी गेली.

तिसरी_पटाशी

चूक माझी, क्रम सांगायला हवा होता. भोकाच्या वर जेमतेम 18 मिमी लाकूड उरतं आणि लाकडाची रेषा उभी असते. आधी फळी लांबच असू दे, भोक पाडा, मग लांबीला कापा. भोक पाडताना मागे एक टाकाऊ तुकडा क्लॅम्पने घट्ट धरा, चिरफळ्या निघत नाहीत. किंवा पुढून अर्धं पाडायचं, मधलं छोटं छिद्र आरपार गेलं की फळी उलटी करून मागून पुरं करायचं. आणि भोकाच्या जागी गाठ येऊ देऊ नका. गाठीत ड्रिल उसळतं, हात जपा.

ड्रिल किंचित वरच्या दिशेने तिरकं धरलंत, म्हणजे भोक बाहेरून आत जाताना चढत गेलं, तर पाऊस आत वाहत नाही. कडांवर घासकागद फिरवा. हीच एक जागा गुळगुळीत हवी, पिसं घासतात.

स्क्रू मारताना आधी बारीक भोक. 4 मिमीच्या स्क्रूला 2.5 मिमी. कडेला थेट स्क्रू मारला की फळी फाटलीच समजा. खिळे नकोत, साफसफाईला खोलायचं असतं.

शंकासुर_2

होल सॉ नसेल तर?

तिसरी_पटाशी

कंपासने वर्तुळ काढा, रेघेच्या आतून बारीक भोकं ओळीने पाडा, मधला तुकडा ठोकून काढा, गोल कानशीने सारखं करा. अर्धा तास आणि दोन चहा.

मऊ_पिसं

छपराचं कुणी बोललं नाही. 150 रुंदीचं छप्पर म्हणजे भिंतीशी सपाट. पुढे उतार आहे, पण दोन्ही बाजू उघड्या भिजणार. छपरापुरती 200 रुंदीची फळी घ्या, दोन्हीकडे 25 बाहेर येते. पुढेही 40 तरी झुकू द्या. छप्पर मागच्या फळीला टेकतं तिथे जुन्या सायकलट्यूबची पट्टी खिळवा. तीच बिजागरी आणि तोच पाण्याला आडोसा. पुढे दोन्ही बाजूंना छोट्या कड्या, नाहीतर मांजर झाकण उचलतं. उचलतं हो, मी पाहिलंय.

बाहेरून जवसाचं तेल लावलंत तर पुरे. पूर्ण वाळू द्या. आणि तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती तापून आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा.

निवांत

धागा वाचून कळलं, की मी पक्षी असतो तरी भाड्यानेच राहिलो असतो.

हौशी_करवत

(आणखी दहा दिवसांनी)

झालं! आणि उरलेल्या तुकड्यांतून दुसरं पण झालं. दुसऱ्याचं छप्पर एका अंगाला झुकलंय, गुण्या कुठे ठेवला ते सापडत नव्हतं. आता जागा. फांदीवर की घराच्या मागच्या भिंतीला, वळचणीखाली?

पोकळ_खोड

चिमणी हवी असेल तर भिंत, डोळे मिटून. दोन केलीत ते फारच छान. चिमण्या वसाहतीने राहतात, एकटं घर त्यांना सुनं वाटतं. दोन्ही शेजारी लावा, तीन झाली तर तीन.

उंची अडीच-तीन मीटर. सकाळचं ऊन चालेल, दुपारचं थेट ऊन नको. पावसाचा मारा ज्या बाजूने येतो तिकडे तोंड नको. पेटी किंचित पुढे झुकलेली असू दे. भोकासमोर उडायला मोकळी वाट, पण चारपाच मीटरवर झुडूप असलं तर बरं, उतरण्याआधी तिथे बसून ती अंदाज घेते. दाण्याचं भांडं पेटीला लागून ठेवू नका. सारखी गर्दी आणि भांडणं होतात.

झाडाला लावणाऱ्यांसाठी: खोडात खिळा नको. पट्टा किंवा पाइपच्या तुकड्यातून ओवलेली तार घ्या, दरवर्षी सैल करा. खोड जाड होतं हे आपण विसरतो.

शंकासुर_2

आत थोडं गवत-कापूस घालून ठेवू का, सोय म्हणून?

मऊ_पिसं

नको. जोडीला स्वतः भरायचं असतं. घराची निवडच त्यातून होते. अंगणात सुकं गवत पडू द्या, पुरे. दोरे, पतंगाचा मांजा, प्लास्टिकच्या सुतळ्या मात्र वेचून टाका, पिल्लांच्या पायात गुंततात.

अजून एक. मोठ्या चिमण्या दाणे खातात, पण पिल्लांना सुरुवातीला किडे-अळ्याच भरवतात. झाडांवर औषध फवारायचं आणि वर पेटी लावायची, हे म्हणजे पाहुण्यांना बोलावून चूल विझवणं.

हौशी_करवत

(नऊ आठवड्यांनी)

दोन महिने काहीही नाही. रोज चहा घेऊन बघत बसायचो, घरच्यांनी मला ‘वॉचमन’ म्हणायला सुरुवात केली. एका पेटीत मुंग्या निघाल्या. मग गेल्या सोमवारी एक चिमणा, गळ्याखाली काळा डाग असलेला, वाकड्या छपराच्या पेटीवर बसून तासभर ओरडत होता. मंगळवारी तोंडात गवताची काडी. आज मादी पीस घेऊन आत गेली आणि बाहेर आली तेव्हा पीस नव्हतं!!

बरोबर, सरळ छपराची पेटी रिकामी आहे.

आत छोटा कॅमेरा लावू का?

पोकळ_खोड

अभिनंदन! आता कॅमेरा नको. लावायचा होता तर आधी लावायचा. या दिवसांत पेटीशी खुडबुड केली तर जोडी सोडून जाऊ शकते. लांबून बघा. अंडी उबवायला साधारण 11 ते 14 दिवस, पिल्लं उडायला त्यापुढे पंधराएक दिवस. शेवटच्या आठवड्यात तर झाकण अजिबात उघडू नका, घाबरलेली पिल्लं उडता येत नसतानाच बाहेर उडी घेतात. एक वीण झाली की त्याच जागी दुसरी होऊ शकते, म्हणून घाईने साफ करू नका.

हंगाम पूर्ण संपला की मग. तोंडाला फडकं, हातात मोजे. जुनं घरटं थोडं ओलं करून काढा म्हणजे धूळ उडत नाही. उकळतं पाणी ओतून पिसवा-गोचिड्या मारा, कडक वाळवा, परत लावा. कीटकनाशक नको.

तिसरी_पटाशी

वाकडं छप्पर निवडलं! आता गुण्या सापडला तरी सांगू नका.

मऊ_पिसं

हौशी, अभिनंदन. एकच विचारते, तळाला भोकं पाडलीत ना? पाऊस यायचाय.

हौशी_करवत

पाडली, चारही. सरळवालीला चार, वाकडीला… थांबा.

हौशी_करवत

घरातला एक चौकोनी आरसा काठीला बांधून दहा फूट लांबून तळ बघून आलो. तीन आहेत. चौथ्या कोपऱ्यात फक्त पेन्सिलची फुली.

मऊ_पिसं

तीन पुरतील. हात लावू नका. चौथं हंगामानंतर.